वाढत्या अंगाचं

"वाढत्या अंगाचं द्या," बसाप्पांनी दुकानात पाय ठेवता ठेवता सांगून टाकलं.

बसाप्पा कागलकडचे. त्यांच्या घरात आजवर मापाचं काही आलंच नव्हतं. नात रक्षिता सात वर्षांची, तिचा गणवेश नऊच्या पोरीचा आणि चपला कुणाच्या ते देवाला ठाऊक. येत्या जूनपासून तिची शाळा नदीपलीकडे. रोज नावेतून जायचं, नावेतून यायचं. लाइफ जॅकेट नसेल तर पोराला नावेत घेणार नाही, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. म्हणून आजोबा-नात एसटीनं कोल्हापूरला, राजारामपुरीतल्या या खेळाच्या दुकानात आले होते.

"वजन किती हिचं?" दुकानदार जोतीरामनं विचारलं.

"उसाचं इचारा, टनावर सांगतो. पोरीचं कोण बघतंय?"

जोतीरामनं रक्षिताला काट्यावर उभं केलं. एकोणीस किलो. तो पंधरा ते वीसचं जॅकेट काढायला वळला, तोवर बसाप्पांनी खुंटीवरचं तीस ते चाळीसवालं उतरवलंसुद्धा.

"हे द्या. पाचवीपतोर बघायला नको."

"आज्जा, ह्यात माप बघाय लागतंय."

"आमी पाठीला पत्र्याचा डबा बांधून हिरीत पवाय शिकलो. डब्याला कुठलं आलंय माप?"

बोलण्यात हार जायची बसाप्पांना सवय नव्हती. जोतीरामनं वाद घातला नाही. तेच मोठं जॅकेट त्यानं रक्षिताला घातलं, सगळे पट्टे होते तेवढे आवळले. रक्षिता आरशात स्वतःला बघून खूश झाली.

"हात वर कर बघू, बाळ."

तिनं दोन्ही हात वर केले. जोतीरामनं जॅकेट खांद्यापाशी धरलं आणि सरळ वर उचललं. आधी तिची हनुवटी आत गेली, मग नाक, मग डोळे. जॅकेट त्याच्या हातात आलं आणि पोरगी जमिनीवर होती तिथंच राहिली.

"आज्जा, मी हितंच की," ती हसत म्हणाली.

बसाप्पाही हसले. पण मधेच थांबले.

"पाणी असंच करतंय," जोतीराम सावकाश म्हणाला. "जाकीट वर. पोरगी खाली."

बसाप्पा म्हणजे आयुष्यभर नदीकाठी राहिलेला माणूस, त्याला पाणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. ते बाकावर टेकले. मोठं जॅकेट उचलून मांडीवर घेतलं, आत हात घालून पाहिला. आत जागाच जागा होती.

"बारकं घाला," ते म्हणाले.

बारकं जॅकेट अंगाला घट्ट बसलं. जोतीरामनं पायांमधला पट्टाही ओढून घेतला.

"आज्जा, आवळतंय मला."

"आवळू दे," बसाप्पा म्हणाले. एरवी नातीनं एवढं म्हटलं असतं, तर त्यांनी शिंप्याला उभा फाडला असता.

जोतीरामनं पुन्हा खांद्यापाशी धरून उचललं. या वेळी जॅकेटाबरोबर रक्षिताही वर आली. तिचे पाय हवेत लोंबू लागले. बसाप्पा उठले आणि म्हणाले, "सरा, मी बघतो." त्यांनी स्वतः उचलून पाहिली. एकदा नव्हे, तीनदा.

जोतीराम जॅकेट पिशवीत घालू लागला. "आधीच सांगतोय आज्जा, मागनं तक्रार नको. पोरगी उंच हुणार दिसतीया. फुडल्या साली जूनला हे हिला बसायचं न्हाय."

बसाप्पांनी पिशवी काखेत मारली, रक्षिताचा हात धरला.

"न्हाय बसूंदे," ते म्हणाले. "न्हाय बसलं म्हणून सांगाय हिलाच घिऊन येतो."