बिनकोपऱ्याचं घर

गोल घराला कोपरा नसतो, हे स्पृहाने आल्या आल्या शोधून काढलं. घोंगडीसारख्या खरखरीत भिंतीवर तळवा ठेवून ती फिरत गेली, आणि फिरून फिरून पुन्हा दाराशीच आली. मग उलटी फिरली. तरी दारच.

उर्जा पिशव्या टेकवून बघत होती. तिच्या मनात आलं, मग इथे रुसून बसायचं कुठे?

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलातल्या त्या कॅम्पिंगवर मंगोल मेंढपाळांसारखे गोल तंबू होते. इथे त्यांना यूर्ट म्हणत. मधोमध लोखंडी शेगडी, भिंतीलगत खाटा, आणि छताच्या टोकाला चाकाएवढं भोक. शार्दूलने जोडसुट्टीसाठी ही जागा धरली, तेव्हा नवराबायको एकमेकांशी बोलत होती. आज कार्ल्सरूहेतल्या घरापासून गाडीत फक्त स्पृहा बोलली. शार्दूलने इथल्या नोकरीचा करार आणखी तीन वर्षांनी वाढवून घेतला होता, आणि उर्जाला ते पोळ्या लाटताना कळलं होतं, तेही सगळं होऊन गेल्यावर. पुण्याच्या कॉलेजातली तिची बिनपगारी रजा जुलैत संपत होती. "मला विचारलंस?" एवढंच ती तेव्हा म्हणाली, आणि तिने अबोला धरला.

अबोल्याला निरोप्या लागतोच. तो मान पाच वर्षांच्या स्पृहाकडे आला. तिला मराठी सगळं कळायचं. बोलायची मात्र ती जर्मन.

"बाबांना सांग," उर्जा म्हणाली, "चहा हवा असेल तर नळ बाहेर आहे. पाणी आपल्या पायांनी चालत येत नाही."

स्पृहा शेगडीला वळसा घालून बाबांपाशी गेली. "पापा, वासर होलन."

पाणी आण, एवढंच. टोमणा वाटेत कुठेतरी गळून पडला.

"राणीसाहेबांना म्हणावं, निघालोच आहे," शार्दूल म्हणाला.

तेही इकडे येईपर्यंत 'पापा जातोय' एवढंच झालं. उर्जाला हसू आलं. पिशवीत काहीतरी शोधायच्या निमित्ताने तिने ते लपवलं. पोरीच्या तोंडून गाळून आलं की भांडणाची नुसती कामं उरत होती.

चहा झाला. स्पृहा खाटेवर उताणी पडून वर बघत राहिली. छताच्या लाकडी काठ्या चहूकडून धावत येऊन त्या भोकापाशी थांबल्या होत्या, आणि भोकात आकाशाची एक निळी चकती होती. तिने जर्मनमध्ये विचारलं, इथे आकाशसुद्धा गोल का आहे? उत्तर द्यायला दोघांनीही तोंड उघडलं. दोघांना एकमेकांचं उघडलेलं तोंड दिसलं. दोघांनी मिटलं.

बघता बघता ती चकती काळी झाली. वारा सुटला. पाण्याचे थेंब शेगडीवर पडून चुर्र करून उडायला लागले. कॅम्पिंगची राखणदारीण सायकलवरून दारोदार सांगत निघाली होती: बाहेरून दोर ओढून छताचं झाकण सरकवून घ्या, पण बाहेरच्याला भोक दिसत नाही, तेव्हा एकाने आत उभं राहून सांगत राहा.

शार्दूल जाकीट चढवून बाहेर गेला. उर्जा भोकाखाली उभी राहिली. स्पृहा आपणहून दारात जाऊन उभी राहिली, अर्धी आत, अर्धी पावसात.

"त्यांना सांग, अजून ओढा." स्पृहाने सांगितलं. "सांग, फार झालं." तेही सांगितलं. पण निरोप पोचेपर्यंत वारा झाकण उलटवून टाकत होता, आणि ते ओल्या लुगड्यासारखं वर फडफडत होतं. पोरगी निथळायला लागली. तिचे दात वाजलेले ऐकू आले, तशी उर्जाने तिला आत ओढलं, दार लावलं, टॉवेलने डोकं खसाखसा पुसलं.

आता मध्ये कोणी नव्हतं. बाहेरून दोराचा एक हिसका बसला, आणि मग थांबला. बाहेरचा वाट बघत होता.

"डावीकडे," उर्जा वर तोंड करून म्हणाली. झाकण भलतीकडे गेलं. "तुझ्या नाही रे, माझ्या डावीकडे."

मग झाकण तिच्या डावीकडे सरकलं.

"अजून. हळू. अजून."

आकाश अर्धं झालं, पाव झालं. शेवटी नखाएवढी एक फट उरली.

"झालं?" शार्दूलने विचारलं. भिंतीतून त्याचा आवाज दबका येत होता.

"जवळजवळ."

तो ओढेना. पाऊस नुसता छतावर वाजत राहिला.

"उर्जा, तुला परत जायचंय का?"

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. एवढं वाक्य चारचौघांसारखं स्वयंपाकघरात विचारता आलं असतं. पण भिंतीपलीकडून विचारायला सोपं जात असावं. तोंड दिसत नाही.

"हे आत येऊन विचार," ती म्हणाली.

"दोर अजून बांधलेला नाही. सोडला तर सगळं उघडेल."

"उघडू दे."

काही क्षण दोर ताणलेलाच राहिला. मग सर्रकन सैल पडल्याचा आवाज आला. डोक्यावरची फट रुंदावत गेली, वाऱ्याने झाकण पार मागे फेकलं, आणि सरळ खाटेवर, उश्यांवर, चहाच्या कपांमध्ये पाऊस उतरला.

"ममा," स्पृहा तोंड उघडं ठेवून, थेंब जिभेवर घेत म्हणाली, "एस रेग्नेट राइन." पाऊस आत येतोय.

"हो," उर्जा म्हणाली. ती वर बघत नव्हती. बाहेर चिखलात पावलं वाजत होती, आणि ती दाराकडे बघत होती.