गाळलेलं वर्ष

क्लबचं नवं स्टेडियम बांधायचं की नाही, ते त्या बैठकीत ठरणार होतं. टेबलावर त्याचं पांढरंशुभ्र मॉडेल होतं आणि शेजारी माझा धाकटा भाऊ, क्लबचा जुना स्ट्रायकर, मिरवत उभा होता. हे स्टेडियम त्याचं स्वप्न. लहानपणापासून हेच चाललंय: गोल त्याने करायचे आणि घाम पुसायला टॉवेल मी धरायचा. आज मात्र क्लबचा अकाउंटंट म्हणून मी बोललो. "निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील. तिकिटांतून कर्जाचे हप्ते निघणार नाहीत. क्लब बुडेल." नजरा मॉडेलवरून माझ्या अहवालाकडे वळल्या, तसा माझ्या जिवाला गारवा वाटला. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून पानं चाळली. "सरासरी पाच वर्षांची म्हणता, आणि प्रेक्षकांचे आकडे चारच वर्षांचे? एक वर्ष कुठे गेलं?" गाळलेलं वर्ष भावाचं होतं. त्या वर्षी तो अंगात आल्यासारखा खेळला आणि मैदानात मुंगी शिरायला जागा नसायची. भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. "ते वर्ष धरूच नका, मॅडम," तो म्हणाला. "तसं वर्ष एकदाच येतं. दादाचा हिशेब बरोबर आहे. नका बांधू." त्याने मॉडेलवर कापड टाकलं. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारायला उठला. जिंकलो मी होतो, मोठेपणा मात्र पुन्हा त्यानेच लाटला. तो घामाने निथळत होता, आणि माझा हात आपसूक रुमालासाठी खिशात गेला.