कडक ब्रश

"ब्रश कसा, कडकच हवा! गालावर फेस झकास उठतो," हे आप्पांचं वाक्य नंदकिशोरच्या कानात लहानपणापासून बसलेलं. आता आप्पांचे हात थरथरतात; निदान दाढी तरी त्यांच्या मनासारखी व्हावी म्हणून पार्ल्याच्या दुकानात तो बॅजर या प्राण्याच्या केसांचे ब्रश गालावर दाबून पाहत होता.

"हा घ्या, पिसासारखा मऊ," दुकानदार म्हणाला.

"छे, आमच्या आप्पांना चालणार नाही," म्हणत त्याने सगळ्यात कडक ब्रश घेतला.

रविवारी त्याने आप्पांच्या गालावर फेस घोळवला. आप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले.



"नंदू, आता मऊ आण रे. लहानपणी माझ्या ब्रशने तू गणपतीच्या पाटाला ऑइलपेंट लावलास, आणि ब्रश कडक झाला म्हणून रडत बसलास. तुला उगी करायला म्हणालो होतो मी तसं."