चौकशी सुरू आहे

पेपरात दिनविशेष मी लिहिते. लिहिते कसलं, गेल्या वर्षीची फाइल उघडते आणि 'एकवीस वर्षांपूर्वी'चं 'बावीस' करते. बाकी अक्षर हलत नाही. उद्याच्याच तारखेला नदीवरचा पूल कोसळून एकोणीस माणसं गेली. त्यात माझी धाकटी बहीण होती. त्या नोंदीची शेवटची ओळ आहे, 'चौकशी सुरू आहे.'

नवे संपादक ते पान घेऊन तणतणत माझ्या टेबलाशी आले. "बाई, बावीस वर्षं झाली! अजून चौकशी सुरू? डोळे मिटून जुनंच चिकटवता का?"

माझं डोकंच फिरलं. "डोळे त्यांनी मिटलेत, मी नाही! दरवर्षी फोन करते, दरवर्षी हेच ऐकते. आज तुम्हीच ऐका."

चौकशी कार्यालयाचा नंबर मला तोंडपाठ आहे. मी फोन लावून स्पीकर सुरू केला.

"हो, चौकशी सुरू आहे," पलीकडचा कारकून जांभई देत म्हणाला.

"कशावरून?" संपादक कडाडले. "काढा ती फाइल, आणि आत काय आहे ते वाचून दाखवा!"

कपाट करकरलं. बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.



"लेखी पुरावा आहे साहेब. पेपरातल्या दिनविशेषाची एकवीस कात्रणं लावलीत, आणि प्रत्येकात स्पष्ट छापलंय, चौकशी सुरू आहे म्हणून."