फुलीच्या जागी सही
"फुली आहे तिथं सही करा, ताई," दवाखान्याच्या काउंटरवरची बाई म्हणाली. बाबांचा मोडलेला पाय प्लास्टरची वाट पाहत बाकावर पसरला होता. आई शिवणकाम करते. कापड चारदा मोजते, कागदावर मात्र न वाचताच सही करते. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. "अगं, लोक खोळंबलेत," आई कुजबुजली. खोळंबू देत. मी मोठ्यानंच वाचलं, "मला विम्याचा लाभ नको. सगळा खर्च मी स्वतः करीन." आई चपापली. "अहो, हप्ता कधी चुकवला नाही आम्ही." बाई म्हणाली, "विम्याला ढीगभर कागद लागतात. सगळे यावरच सही करतात." "आम्ही नाही करणार," मी म्हटलं. "विम्याचा फॉर्म द्या." "फार शहाणी आहेस." "हो, नववीत आहे." बाईनं धुसफुसत खण उघडला. रांगेत आमच्या मागे उभ्या आजोबांनी आपला सही केलेला कागद सरकवला. "पोरी, हाही वाच."