आधी कळवावं

माझी थोरली जाऊ भिंतीपलीकडेच राहते. बागेतला गुलाब कापण्याआधी ती कात्री नुसती हवेत दोनदा वाजवते. कच्, कच्. "झाडाला आधी कळवावं गं," म्हणते, आणि मगच देठ कापते.

तिची झाडं फुलांनी लगडलेली, माझ्याकडे नुसते काटे. "वहिनीच्या हातालाच गुण आहे," असं माझा नवरा चहा पिता पिता म्हणाला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी तिनं लावायला एक फांदी आणून दिली, मी न मागता. तिचा चांगुलपणाही मला बघवत नाही.

फांदी कुंडीत रुजली, फुललीसुद्धा. पण एकूण एक फूल तिच्या भिंतीकडे तोंड करून. मी कुंडी फिरवली. सकाळी फुलं पुन्हा तिकडेच.

शेवटी सगळी कापून फुलदाणीत ठेवली. तेवढ्यात जाऊ आली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, आणि फुलांच्या माना तिच्यामागोमाग हळूहळू वळल्या.

"छान आलीत की!" ती म्हणाली. मी ओठ आवळून हसले.

आज ती लेकीकडे गेली, महिनाभरासाठी. माझा नवरा तिला सोडायला गेला होता. "वहिनीची बस सुटली," असा त्याचा फोन आला, तेव्हा मी फुलदाणीसमोर एकटीच बसले होते.

फोन ठेवून वर पाहिलं, तर सगळी फुलं माझ्याकडे वळलेली. झाली एकदाची माझी! मला हसूच फुटलं.

मग नीट पाहिलं. फुलं माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

मानेजवळ काहीतरी गार लागलं.

कच्, कच्.