बाबांचा गेमिंग कॉम्प्युटर

नोकरीसाठी परगावी राहणारी लेक सुटीला घरी आली, तर बाबांनी स्वस्तातला गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचं मनावर घेतलेलं. भाग मागवण्याआधी त्यांनी तिला शेजारी बसवलं.

“बाबा, हा प्रोसेसर या मदरबोर्डवर बसणारच नाही.”

“मग बसेल तो निवड.”

“आणि एवढं लांब ग्राफिक्स कार्ड या कॅबिनेटमध्ये कसं मावेल?”

“कॅबिनेट बदलू.”

अखेर सगळं एकमेकांशी जुळलं. ती हसत म्हणाली, “पण तुम्हाला साधे पत्ते खेळता येत नाहीत! हे काय खूळ?”

बाबा चष्मा पुसत म्हणाले, “माझा फोन तू दोन मिनिटांत ठेवतेस. गेममधल्या मंडळींशी मात्र तासन्‌तास खिदळत असतेस. मलाही घे तुमच्या टीममध्ये. फक्त, लवकर आउट झालो तर ओरडू नकोस.”